बागेत नाद कसा मांडावा: फूरिन, बांबू, केळ आणि जमिनीखालची जलवीणा

काचेचे जपानी फूरिन, म्हणजे वाऱ्यावर वाजणारी छोटी घंटा, हातात घेऊन त्याच्या खालच्या काठावरून बोट फिरवले, की बोटाला बारीक दाते लागतात. वरचा गोळा नितळ असतो. त्यावरचे चित्र उन्हापावसाने जाऊ नये म्हणून आतल्या बाजूने रंगवलेले असते. एवढी काळजी घेणारा कारागीर कडा मात्र पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत घासत नाही. साचा न वापरता नळीने हवेत फुगवलेल्या त्या गोळ्याच्या तोंडाशी जी खरखर राहते, तिच्यावर आत टांगलेली काचेची नळी वाऱ्याने हलकेच घासली जाते आणि त्यातून देवळातल्या घंटेपेक्षा अगदी वेगळा, थोडा थरथरता, ऐकताच गार वाटणारा आवाज उमटतो. एदोची, म्हणजे आजच्या तोक्योची, ही जुनी कारागिरी आहे.

आपल्याकडे वाऱ्यावर वाजणारी घंटा बहुधा आधी विकत घेतली जाते आणि मग ती टांगायला जागा शोधली जाते. पूर्व आशियातील जुन्या बागांमध्ये हा क्रम उलटा होता. माणूस कुठे बसणार, तिथे कोणत्या दिशेने वारा येणार, जवळपास कोणते झाड आणि कोणते पाणी असणार, हे आधी ठरत असे, आणि त्या जागेला साजेसा एकच आवाज निवडला जाई. पुढील मार्गदर्शनाचा सारा भर या क्रमावर आहे. बाग मोठी असण्याची गरज नाही. परसदार, बंगल्याभोवतीची पट्टी किंवा सदनिकेची गच्ची यांतही यातला बराचसा भाग करता येतो.

या घंटा आल्या कुठून

ही परंपरा बागेत येण्यापूर्वी देवालयांच्या छपरांवर होती. चीनमध्ये ल्वोयांग नगरीत इ. स. ५१६ मध्ये उभारलेल्या योंगनिंग मंदिराच्या लाकडी मनोऱ्याला कोपऱ्याकोपऱ्यांवर घंटा टांगल्या होत्या, आणि वाऱ्याच्या रात्री त्यांचा नाद दहा ली, म्हणजे चार-पाच किलोमीटर अंतरावर ऐकू जाई, असे त्या काळच्या लेखनात नमूद आहे. तो मनोरा ५३४ मध्ये जळून गेला. बौद्ध धर्माबरोबर ही पद्धत कोरियात आणि जपानात गेली. जपानी मंदिरांच्या वळचणीला असलेल्या कांस्याच्या अशा घंटेला फूताकु म्हणतात. तिचा आवाज जिथवर पोहोचतो तिथवर अरिष्ट येत नाही, अशी श्रद्धा होती. कोरियातील मंदिरांमध्ये घंटेखाली धातूचा छोटा मासा लोंबत असतो. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो साधकाच्या जागेपणाची खूण मानला जातो, आणि वाऱ्यात हलणारे पातेही तोच असतो.

पुढे हीच घंटा आकाराने लहान होऊन घराच्या पडवीत आली. जपानी हायकूत फूरिन हा उन्हाळ्याचा सूचक शब्द आहे. घाम निथळत असताना घंटा किणकिणली की वाऱ्याची झुळूक आली हे कानाला आधी कळते आणि अंगाला गारवा जाणवतो. ते उन्हाळ्यापुरते लावायचे आणि ऋतू सरला की उतरवायचे, असा रिवाज आहे. वर्षभर लटकत राहिलेली घंटा काही दिवसांनी कोणालाच ऐकू येईनाशी होते, म्हणून हा रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो.

पहिली पायरी: बसण्याची जागा आणि वाऱ्याची पाहणी

आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. बागेत किंवा गच्चीत ज्या ठिकाणी तुम्ही खरोखर बसता, चहा घेता किंवा वाचता, ती जागा पक्की करा. त्यानंतर पतंगाच्या कागदाच्या वीतभर लांब आणि बोटभर रुंद अशा सहा-सात पट्ट्या दोऱ्याला बांधून निरनिराळ्या ठिकाणी अडकवा: वळचणीला, फाटकाजवळ, फांदीला, दोन भिंतींमधल्या बोळात. सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री जेवणानंतर कोणती पट्टी किती हलते ते वहीत टिपून ठेवा. सतत फडफडणारी जागा घंटेसाठी वाईट, आणि मुळीच न हलणारी जागाही वाईट. जिथे पट्टी बराच वेळ स्थिर राहते आणि मधूनच दोन-चार वेळा डुलते, ती जागा हवी. दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेत वाऱ्याचा वेग वाढतो, त्यामुळे तिथली घंटा दिवसभर खणखणत राहते. बहुतेक लोक नेमकी हीच जागा निवडतात.

त्याच वहीत या जागी आधीपासून काय ऐकू येते तेही लिहा. चीनमध्ये मिंग राजवटीच्या अखेरीस, १७व्या शतकात, उद्यानकार जी चेंग याने आजूबाजूचे दृश्य ‘उसने घेऊन’ बागेत सामावून घेण्याची रीत सविस्तर सांगितली, आणि त्यात त्याने आवाजही मोजला: शेजारी मंदिर असेल तर तिथल्या मंत्रपठणाचा ध्वनी कानी येतो, तोही बागेचाच भाग. तुमच्या भिंतीपलीकडे चिंचेचे झाड असेल आणि संध्याकाळी त्यावर साळुंक्या कलकलाट करत असतील, तर त्या वेळी दुसऱ्या आवाजाची गरज नाही. याउलट पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे खोके किंवा हलणारा पत्रा यांचा आवाज असेल, तर त्यावर घंटेचा थर चढवण्याआधी पंपाखाली रबराची चकती टाका आणि पत्र्याचा खिळा घट्ट करून घ्या. गोंगाट झाकण्यासाठी लावलेली घंटा गोंगाटात भरच घालते.

दुसरी पायरी: घंटेची निवड

जपानात घंटा प्रामुख्याने तीन द्रव्यांच्या असतात आणि तिन्हींचा स्वभाव निराळा आहे. काचेचे फूरिन हलके असते, झुळुकीनेही बोलते, आणि त्याचा आवाज पटकन विरतो. छोट्या पडवीला ते योग्य. ईशान्य जपानातील इवाते प्रांतात बिडाच्या केटल्या ओतणाऱ्या कारागिरांनी घडवलेले नांबू फूरिन लोखंडी असते. त्याचा नाद उंच, स्वच्छ आणि लांबत जाणारा असतो. तिथल्या मिझुसावा रेल्वे स्थानकावर उन्हाळ्यात अशी फूरिने टांगली जातात, आणि जपानच्या पर्यावरण विभागाने १९९६ मध्ये जतन करण्याजोग्या १०० ध्वनिदृश्यांची यादी केली तेव्हा त्या स्थानकावरच्या नादाला तिच्यात स्थान दिले. सरकारी यादीत धबधब्यांच्या आणि पाखरांच्या जोडीने रेल्वे फलाटावरची घंटा असावी, याचे मला आजही अप्रूप वाटते. तिसरा प्रकार पितळेचा किंवा कांस्याचा. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातले कथील वाढले की धातू कठीण होतो आणि नाद अधिक काळ टिकतो, हे आपल्याकडच्या घंटा ओतणाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे जपानी वस्तू मिळाली नाही तरी चांगल्या कांस्याची, हाताच्या मुठीएवढी साधी घंटा तांबट आळीतून आणून तिला खाली पाते लावता येते.

निवडताना घंटा दोऱ्याने धरा, एकदाच वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. शेवटी उरणारा सूर किरकिरा वाटला तर ती घेऊ नका. पाच-सात नळ्या गोलाकार टांगलेली, बाजारात सर्रास मिळणारी वस्तू ही या परंपरेतली नव्हे. ती घरी असलीच, तर पुढची गोष्ट उपयोगी पडेल: नळी तिच्या लांबीच्या सुमारे २२.४ टक्के अंतरावर टांगली, तर मूळ सुराचे कंपन दोऱ्याने दबत नाही. म्हणजे ५० सेंटीमीटरच्या नळीला वरच्या टोकापासून साधारण ११ सेंटीमीटरवर भोक हवे. बांबूच्या नळ्यांनाही हेच माप लागू पडते.

तिसरी पायरी: टांगणी

फूरिनचे भाग तीन: वरची वाटी, आतला लोलक आणि खाली लोंबणारी कागदाची पट्टी. या पट्टीला तान्झाकु म्हणतात. वारा पकडायचे काम पट्टीचे असते, त्यामुळे घंटा किती बोलकी व्हावी हे पट्टीच्या आकाराने ठरते. सुरुवातीला पट्टी १५ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद ठेवा. दोन दिवस ऐका. जास्त वाजत असेल तर कात्रीने खालून बोटभर कापा, कमी वाजत असेल तर थोडी रुंद पट्टी लावा. साधा कागद पहिल्याच सरीत लगदा होतो. हातकागद किंवा पातळ सुती कापड टिकते. नायलॉनचा दोरा पीळ घेतो आणि पट्टी गरगर फिरत राहते, म्हणून सुती दोरा मेण चोळून वापरावा.

वाटी डोक्यापेक्षा उंच आणि पट्टी डोळ्यांच्या रेषेत येईल असे टांगले, तर नाद उमटण्याआधी पट्टीची हालचाल दिसते. भिंत आणि खांब यांपासून किमान हातभर अंतर राखा. एका जागी एकच घंटा, हा नियम मोडू नका. दोन निरनिराळ्या सुरांच्या घंटा एकमेकींचे विरणे ऐकू देत नाहीत, आणि फूरिनचे सारे सौंदर्य त्या विरण्यात आहे. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी रात्री झोपण्यापूर्वी पट्टी वर गुंडाळून दोऱ्यात खोचावी. शेजाऱ्यांची झोप आपल्या आवडीपेक्षा महत्त्वाची.

चौथी पायरी: झाडे, म्हणजे वाऱ्यापावसाची वाद्ये

चीनमधील सुझोऊ येथील ‘विनम्र कारभाऱ्याची बाग’ ही १६व्या शतकात सुरू झालेली बाग आज जागतिक वारसा आहे. तिच्यात पाऊस ऐकण्यासाठी बांधलेली एक स्वतंत्र बैठक आहे. तिच्या शेजारी तळे आहे, तळ्यात कमळे आहेत, आणि भिंतीलगत केळी लावल्या आहेत. थेंब पाण्यावर, कमळाच्या पानावर आणि केळीच्या पानावर पडताना तीन वेगळे आवाज येतात आणि ते एकाच ठिकाणी बसून ऐकता येतात. त्याच बागेतल्या दुसऱ्या एका बैठकीचे नाव एका जुन्या कवितेतील सुकलेल्या कमळाच्या ओळीवरून पडले आहे. वाळलेली पाने उपटू नयेत, कारण त्यांवर पाऊस ऐकायचा असतो. कोकणातल्या परसात ज्याने पहिल्या पावसाच्या थेंबांची केळीच्या पानावरची टपटप ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे केळ न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढते, तिथे ती मुद्दाम खिडकीखाली लावली जाई. लावणी तीच, हेतू वेगळा.

म्हणून घरच्या बागेत बसण्याच्या जागेपासून तीन ते चार मीटरवर दोन किंवा तीन केळी लावाव्यात. त्याहून जवळ लावल्या तर वाऱ्यात पाने अंगावर येतात. वाऱ्याने फाटलेली पाने कापू नका. फाटक्या पानाचा आवाज कोरडा आणि सळसळता असतो, अखंड पानाचा ढोलकासारखा, आणि दोन्ही हवेत. बांबूसाठी पश्चिमेची किंवा वारा येतो ती बाजू निवडावी. पसरणाऱ्या जातीचा बांबू लावल्यास तो कुंपण ओलांडून शेजारी जातो, म्हणून बेटे करून वाढणारी जात घ्यावी आणि दर वर्षी जुन्या काठ्या मुळाशी कापून बेट विरळ राखावे. बेट दाटले की वारा आत शिरत नाही आणि आवाज मंदावतो.

पाइन वृक्षातून जाणाऱ्या वाऱ्याला जपानी संस्कृतीत इतके मोल आहे, की चहाच्या विधीत बिडाच्या किटलीत पाणी उकळू लागल्यावर येणाऱ्या घूं आवाजालाही ‘पाइनमधला वारा’ म्हणतात, आणि तो यावा म्हणून किटलीच्या आत तळाला लोखंडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा देशावर पाइन लावण्याचा हट्ट धरू नये. सुरूची सुईसारखी पर्णे जवळपास तसाच सुस्कारा देतात, आणि समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत सुरू उत्तम वाढतो.

झाडे आणि दगड मांडताना सममिती टाळा. जपानी उद्यानकलेवरील ११व्या शतकातील एका ग्रंथात दगड रचताना ‘दगडाची मागणी’ ऐकावी असे सांगितले आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुख्य दगड आधी त्याला शोभेल तसा बसवावा, त्याचा कल कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, आणि दुसरा दगड त्या कलाला उत्तर म्हणून ठेवावा. दगडाचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत गाडावा. वर नुसता ठेवलेला दगड आणून टाकल्यासारखा दिसतो. ही मांडणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान पाहावे. जपानमधील ओकायामा येथील १७०० मध्ये पूर्ण झालेल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ते घडवले आहे. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी लवकर जा आणि पाण्याचा प्रवाह कुठे ऐकू येतो, कुठे ऐकू येईनासा होतो, ते वाट चालताना लक्षपूर्वक पाहा.

पाचवी पायरी: सुइकिनकुत्सु, जमिनीखालची जलवीणा

आता सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत समाधान देणारे काम. सुइकिनकुत्सु या शब्दाचा अर्थ ‘पाण्याच्या वीणेची गुहा’. चहाघराच्या वाटेवर हात धुण्यासाठी ठेंगणे दगडी पात्र असते. ते इतके खाली असते, की पाणी घेताना वाकून उकिडवे बसावेच लागते, आणि म्हणून त्या साऱ्या मांडणीला ‘उकिडवे बसणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून त्सुकुबाइ म्हणतात. पात्राच्या पुढ्यात, सांडलेले पाणी जिरावे म्हणून, गोट्यांचा खळगा असतो. त्या खळग्याखाली मातीचा रांजण उपडा पुरलेला असतो. गोट्यांमधून झिरपलेले पाणी रांजणाच्या बुडाला पाडलेल्या भोकातून थेंब थेंब आत पडते, तळाशी साचलेल्या पाण्यावर आदळते, आणि रांजणाच्या पोकळीत घुमून त्याचा नाद वर येतो. अशा निचऱ्याच्या रचनेचे श्रेय परंपरेने कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) या चहाचार्य आणि उद्यानकाराला दिले जाते. २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळपास विसरली गेली होती. १९८०च्या दशकात वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांमुळे लोकांचे लक्ष तिच्याकडे पुन्हा वळले. क्योतोमधील एन्को-जी मंदिरात अशी जलवीणा आजही ऐकता येते.

नाद येतो कसा, हे समजले तर बांधणीतल्या चुका टळतात. थेंब पाण्यावर पडतो तेव्हा पृष्ठभागाला खड्डा पडतो आणि तो मिटताना त्याच्याखाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो. हा बुडबुडा कंप पावतो आणि आपल्याबरोबर पाण्याचा पृष्ठभागही थरथरवतो. ‘टिंग’ तिथून येतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने आणि मायक्रोफोनने हेच दाखवून दिले. रांजण तो सूर मोठा करतो आणि लांबवतो. म्हणून तीन गोष्टी सांभाळायच्या: थेंब सुटा पडला पाहिजे, तो उघड्या पाण्यावरच पडला पाहिजे, आणि पोकळी मोठी व अभंग असली पाहिजे.

रांजण साधारण ६० सेंटीमीटर उंच आणि ४० ते ५० सेंटीमीटर पोटाचा असावा. आतून चकाकी दिलेला नको. खडबडीत भाजक्या मातीवर पाणी धरून राहते आणि थेंब तयार व्हायला वेळ मिळतो. विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. कुंभाराशी ओळख असेल तर भाजण्यापूर्वीच बुडाच्या मध्यभागी २ सेंटीमीटरचे भोक पाडून घ्यावे. तयार रांजणाला भोक पाडायचे असल्यास फरशीला भोक पाडण्याचे पाते ड्रिल यंत्राला लावून, ठोका देणारी कळ बंद ठेवून, पाणी सोडत सोडत हळू काम करावे.

पुरण्याआधी चाचणी घ्यावी. मोठ्या परातीत पाणी घेऊन तीन विटांच्या तुकड्यांवर रांजण उपडा ठेवा, वरून तांब्याभर पाणी धारेने सोडा आणि कान जवळ न्या. परातीतले पाणी फार उथळ असेल तर ‘टप’ असा बोथट आवाज येतो, फार खोल असेल तर पोकळी कमी होऊन घुमारा आखडतो. ६० सेंटीमीटरच्या रांजणाला ५ ते ८ सेंटीमीटर पाण्यापासून सुरुवात करून, कानाला पटेल त्या पातळीची खूण करून ठेवा.

खड्डा सुमारे एक मीटर खोल आणि रांजणाच्या पोटापेक्षा चारी बाजूंनी वीतभर रुंद असावा. तळाला सिमेंट काँक्रीटचा ८ ते १० सेंटीमीटरचा थर घालून त्याला परातीसारखा काठ द्यावा. ठरवलेल्या पातळीवर दोन इंची पाइपाचे तोंड ठेवून जादा पाणी उताराने बाहेर न्यावे, आणि तळाशी बूच असलेले एक वेगळे छिद्र ठेवावे. पाण्याची वाट जमिनीवर अवलंबून आहे. कोकणातल्या जांभ्यात पाणी आपोआप मुरते. देशावरच्या काळ्या जमिनीत ते मुरत नाही, उलट माती फुगून रांजणावर दाब येतो. तिथे पाइप थेट गटारापर्यंत न्यावा लागतो. पावसाळ्यात जिथे भूजल वर येते तिथे हा बेत करू नये, कारण रांजण पाण्याने भरला की तो मुका होतो.

यानंतर रांजण तीन दगडी तुकड्यांवर उपडा ठेवायचा, आणि इथे घाई करायची नाही. माझ्या घरी पहिल्या खेपेला सर्व काम मापाप्रमाणे झाले होते, तरी तांब्यामागून तांब्या ओतूनही आवाज येत नव्हता. टॉर्च लावून भोकातून पाहिले तेव्हा कारण कळले. रांजण एका बाजूला जेमतेम बोटभर कलला होता, आणि पाणी थेंब होऊन सुटण्याऐवजी आतल्या बाजूने त्या कलत्या भिंतीवरून गुपचूप ओघळत होते. भोवतीची खडी सगळी उपसावी लागली. रांजणाच्या बुडावर गवंड्याची पाणपातळी दोन्ही दिशांनी धरून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खाली पातळ चिपा सारल्या, आणि त्यानंतर पहिला थेंब पडला तो आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो.

रांजणाभोवती माती भरू नये. मुठीएवढे दगड आणि वर जाड खडी भरावी. भोकावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी थोडी उंच, दगडांच्या आधाराने बसवावी. जाळी भोकाला टेकली तर थेंबांची घडण बिघडते, आणि जाळी नसेल तर आतल्या पाण्यात डासांची पैदास होते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडालाही तशीच जाळी हवी. सर्वांत वर नदीचे काळसर गोटे, लहान-मोठे मिसळून, सैल रचावेत. आवाज त्याच भोकातून आणि फटींतून वर येणार असल्याने वाळू किंवा बारीक रेती टाकून फटी बुजवू नयेत. शेजारी दगडी पात्र ठेवताना त्याचा काठ गुडघ्याहून खाली राहील असे पाहा. जुनी दगडी डोणी घरात पडून असेल तर तिच्याइतके सुंदर दुसरे काही नाही. पात्रातले पाणी रोज बदला.

या वाद्याला नळ जोडून सतत धार लावू नये, असे माझे मत आहे. ओंजळभर पाणी ओता आणि उभे राहा. आधी थेंबांची लगबग ऐकू येते, मग दोन थेंबांत अंतर पडू लागते, आणि पुढे काही मिनिटे अधूनमधून एकेकच थेंब वाजत राहतो. आवाज क्षीण वाटला तर आत गाठी फोडलेली बांबूची मीटरभर नळी गोट्यांवर टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावा. जपानातल्या अनेक बागांमध्ये पाहुण्यांसाठी अशी नळी ठेवलेली असते.

पाण्याचा दुसरा आवाज: शिशि-ओदोशी

क्योतोच्या शिसेन्दो येथे, १६४१ मध्ये इशिकावा जोझान या माजी सामुराईने बांधलेल्या निवासात, बांबूची एक नळी पाण्याने भरते, कलंडते, रिकामी होते आणि मागच्या टोकाने दगडावर ‘टक्’ असा ठोका देते. हीच शिशि-ओदोशी. तिचा मूळ हेतू रानडुकरे आणि हरणे पिकापासून दूर ठेवण्याचा. घरी करताना सुमारे ७० सेंटीमीटर लांबीचा, मध्ये गाठ असलेला बांबू घ्या, पुढचे तोंड तिरके कापा, रिकामा तुकडा बोटावर तोलून समतोलाचा बिंदू शोधा आणि आडव्या कण्यासाठी भोक त्या बिंदूपासून तीन-चार सेंटीमीटर पुढे, म्हणजे तोंडाच्या बाजूला पाडा. पाण्याची धार करंगळीपेक्षा बारीक ठेवावी, म्हणजे दोन ठोक्यांत मिनिटभर तरी शांतता राहील. ज्या बागेत जलवीणा आहे तिथे हे लावू नये. ठोक्याने थेंब झाकला जातो.

देखभाल

मे संपत आला आणि वळवाच्या सरी सुरू झाल्या, की फूरिन उतरवावे. वादळी वाऱ्यात काच फुटते आणि दमट हवेत बीड गंजते. लोखंडी घंटा कोरड्या कापडाने पुसून तिला खोबरेल तेलाचा पुसट हात द्यावा. काचेची घंटा पाण्याने बाहेरूनच धुवावी, कारण चित्र आतल्या बाजूला असते. जलवीणेचे गोटे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, उचलून जाळीवरचा पाला काढावा आणि तळाचे बूच उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ द्यावा. जून ते सप्टेंबर हे महिने केळीच्या पानांचे आणि पागोळ्यांचे आहेत, त्यात घंटेने बोलू नये. उतरवलेल्या घंटेची पट्टी काढून टाका, वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि आकडा मात्र वळचणीला तसाच राहू द्या. मार्चमध्ये ऊन तापू लागले की नवा कागद कापून त्याच आकड्याला घंटा पुन्हा अडकवता येईल.